खत-तणनाशक एप्रिलमध्येच भरून ठेवावं, की पेरणीच्या तोंडावर घ्यावं?

औसा_रोड

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात आमची नऊ एकर जमीन आहे. सात एकरात खरिपाला सोयाबीन आणि त्यात तुरीचे पट्टे, विहिरीखालच्या दोन एकरात ऊस. तूर विकून हातात थोडे पैसे आलेत. वडिलांचं म्हणणं असं की आत्ता, एप्रिलमध्येच, सगळं खत आणि सगळी तणनाशकं घेऊन टाकावीत. दुकानदारही तेच सांगतोय, "जूनमध्ये भाव वाढणार, आत्ता उचला."

माझं मन घेत नाही. भाव खरंच वाढतात का? सगळ्याच खतांचे वाढतात का? पाऊस लांबला, पीक बदललं, तर आणलेल्या बाटल्यांचं काय करायचं? आणि हे पैसे आत्ता गुंतवले तर बियाणं, नांगरट, मजुरी यांसाठी पुन्हा उधारी करावी लागेल.

कोणी हिशोब मांडून पाहिला असेल तर सांगा. नुसतं "लवकर घ्या" किंवा "उशिरा घ्या" नको. काय कधी घ्यायचं ते हवंय.

वणीचा_कापूस

भाऊ, वडिलांचं ऐका. जूनमध्ये पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी आमच्या इकडं कृषी केंद्रासमोर सकाळी सहापासून रांग लागते. डीएपी (पेरणीसोबत द्यायचं नत्र-स्फुरदाचं खत) आलं म्हणता म्हणता संपते. मग "डीएपी नाही, हे दुसरं घ्या" चालू होते. २०२५ च्या खरिपात डीएपीसाठीही पळापळ झाली अन् युरियासाठीही. खत वेळेवर पेरल्या गेलं नाही तर भावाचा हिशोब करून काय उपयोग?

टिकाव

@वणीचा_कापूस, मिळण्याचा प्रश्न वेगळा, भावाचा वेगळा. धागाकर्त्याने दोन्ही एकत्र विचारलेत, आपण वेगळे ठेवू.

युरियाचा भाव सरकार ठरवतं. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, एप्रिलमध्येही तीच आणि ऑगस्टमध्येही तीच. म्हणजे युरिया लवकर घेऊन भावात एक रुपया वाचत नाही. वाचलंच तर रांग आणि लिंकिंग (युरियासोबत दुसरा माल गळ्यात मारणं) वाचतं.

रेकपॉइंट

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे काउंटरच्या आतली बाजू सांगतो.

युरिया सोडला तर डीएपी, पोटॅश, १०:२६:२६ आणि १२:३२:१६ ही मिश्र खतं (आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), सुपर फॉस्फेट ही खतं पोषणद्रव्यावर आधारित अनुदानात येतात. २०१० पासून ही पद्धत आहे. सरकार नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक यांना किलोमागे अनुदान ठरवतं, आणि गोणीची किंमत कंपनी जाहीर करते. अनुदानाचे दर खरिपासाठी एप्रिलपासून आणि रब्बीसाठी ऑक्टोबरपासून नव्याने लागू होतात. भाव हलायचा तो बहुतेक या दोन वळणांच्या आसपास हलतो. मृगाचा पाऊस पडला म्हणून छापील किंमत वाढत नाही.

आता दुकानदार "वाढणार" का म्हणतो? एक तर त्याला वरून उचल करावीच लागते. एप्रिल-मेमध्ये जितकं उचलेल तितकी पुढे त्याला हव्या त्या मालाची खात्री. तेव्हा त्याचं गोदाम भरलेलं असतं आणि पैसा अडकलेला असतो. म्हणून तो तुम्हाला आग्रह करतो. दुसरं, डीएपीच्या बाबतीत तो काही खोटं बोलत नाही. आपल्या देशात डीएपी मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतं, आणि इथं बनतं त्याचाही कच्चा माल बाहेरचाच. पोटॅश तर जवळजवळ सगळं आयातीचं. चीनने निर्यात अडवली की बंदरावर जहाजं कमी, रेक (खताच्या मालगाड्या) कमी, आणि तालुक्याला मिळणारा कोटा कमी. अशा वेळी छापील किंमत तीच राहते, पण माल दिसत नाही.

लक्षात ठेवा, गोणीवर छापलेल्या किमतीपेक्षा एक पैसाही जास्त द्यायचा नाही. भाव वाढला तरी जुन्या गोणीला जुनाच भाव. आणि अंगठा लावल्यावर पॉस मशीनमधून जी पावती येते ती घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका.

पंचगंगा_काठ

रेकपॉइंट दादा, लिंकिंगबद्दल पण बोला की जरा.

रेकपॉइंट

बोलतो. युरियासोबत द्रवरूप खताची बाटली, सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी घ्यायलाच लावणं हे बेकायदा आहे. दुकानदाराकडून होतं हे खरं, आणि बऱ्याचदा त्याच्यावरही वरून तेच लादलेलं असतं. तरी शेतकऱ्याने नाही म्हणावं. दुकानात साठा आणि भावफलक लावणं बंधनकारक आहे. फलकावर युरिया शिल्लक दिसत असताना तो "नाही" म्हणाला, तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. एप्रिलमध्ये गर्दी नसते, तेव्हा कोणी बाटली गळ्यात मारत नाही. लवकर खरेदीचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच.

वणीचा_कापूस

आमच्या घरी मागच्या दोन हंगामांच्या त्या बाटल्या अजून पडून आहेत. म्हणून म्हणतो, एप्रिल!

मंगळवेढा_ज्वारी

लवकर घेणाऱ्यांनी २०२१ आठवावं. त्या वर्षी एप्रिलमध्ये डीएपी बाराशेवरून थेट एकोणीसशेपर्यंत गेल्याची घोषणा झाली. गावोगाव घबराट. "जूनमध्ये चोवीसशे होणार" म्हणून लोकांनी मे उजाडताच वाढीव भावाने गोण्या उचलल्या. मग १९ मे २०२१ ला केंद्राने गोणीमागचं अनुदान ५०० वरून १२०० रुपये केलं आणि डीएपी पुन्हा बाराशेला. ज्यांनी थांबून पाहिलं ते वाचले. घाई करणाऱ्याचे गोणीमागे सातशे गेले, ते कोणी परत दिले नाहीत.

२०२२ पासून डीएपी साडेतेराशेवर आहे. उलट १०:२६:२६ चौदाशे सत्तरवर होतं ते पुढे सरकलं. म्हणजे कुठल्या खताचा भाव सरकार दाबून धरणार आणि कुठल्याचा सोडून देणार, हे पाहून ठरवायला हवं. डीएपीवर सगळ्यांचा डोळा असतो, म्हणून त्याचा भाव सहसा धरून ठेवतात. मिश्र खतांचं तसं नाही.

पुण्यातून_शेती

मी नोकरीला पुण्यात, शेती वडील बघतात, पैशाचा हिशोब माझ्याकडे. धागाकर्त्याच्या सात एकरांचाच हिशोब मांडतो.

एकरी एक गोणी धरली तर सात गोण्या डीएपी, १३५० प्रमाणे ९४५० रुपये. पैसा हातात असेल तर एप्रिलमध्ये घ्या, काही बिघडत नाही. पण तोच पैसा शेकडा दोन रुपये महिन्याने सावकाराकडून किंवा आडत्याकडून आणला असेल, तर एप्रिल ते जून दोन महिन्यांचं व्याज ३७८ रुपये. गोणीमागे ५४ रुपये झाले. भाव तेवढा वाढला नाही तर लवकर घेणं तोट्याचं.

त्याहून वाईट म्हणजे दुकानाची उधारी. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा असतो, पावतीवर तो दिसत नाही. शिवाय सोयाबीन निघालं की त्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर घालावं लागतं, तो म्हणेल त्या भावाने. खताची उधारी खतावर संपत नाही, ती सोयाबीनच्या भावातून वसूल होते. माझ्या मते शेतीच्या खर्चात सगळ्यात मोठी गळती इथे आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

औसा_रोड दादा, सोसायटीचं पीक कर्ज आहे का? ३१ मार्चच्या आत नवं-जुनं (जुनं कर्ज फेडून नवं उचलणं) केलं असेल तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत वेळेत फेडणाऱ्याला व्याज शून्य पडतं. खत त्या पैशातून घ्या आणि तुरीचे पैसे मजुरीला ठेवा.

औसा_रोड

@पुण्यातून_शेती, सोसायटीचं कर्ज आहे, नवं-जुनं झालंय. पण रक्कम खात्यावर यायला मे उजाडतो. शेवटी हिशोब तिथेच येऊन थांबतो.

@मंगळवेढा_ज्वारी, २०२१ चं आमच्याही गावात झालं होतं. वडिलांना आठवण करून दिली, ते गप्प बसले.

मातीचं_बोला

सगळे डीएपी डीएपी करताय. आधी लागतं किती ते बघा. खर्च कमी करायची पहिली जागा ती आहे, तारीख नंतर.

मराठवाड्यात सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक सांगतात. एकरी झालं १२:२४:१२ किलो, वर ८ किलो गंधक. डीएपीच्या एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. पालाश नाही, गंधकही नाही. १२:३२:१६ ची दीड गोणी घेतली तर ९:२४:१२ किलो मिळतं. आणि सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या घेतल्या तर २४ किलो स्फुरद आणि वर १६ किलो गंधक, सोबत अर्धी गोणी युरिया. सोयाबीन तेलबिया पीक आहे, त्याला गंधक लागतंच.

म्हणून डीएपी मिळालं नाही तर रडत बसू नका आणि काळ्या बाजारात तर मुळीच घेऊ नका. सुपर फॉस्फेट आपल्याकडेच बनतं आणि एप्रिल-मेमध्ये सहज मिळतं. त्या दिवशीचे भाव विचारून तिन्ही पर्यायांचा एकरी खर्च कागदावर मांडा, मग ठरवा. सुपर फॉस्फेटला गोण्या तिप्पट, म्हणजे गाडीभाडं आणि हमाली तिप्पट, तेही धरा.

माती परीक्षण केलंय का? आत्ता रान मोकळं आहे, नमुना काढायला हाच महिना. आपल्या काळ्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी पालाश भरपूर निघतं. अहवालात तसं आलं तर पोटॅशची गोणी वाचेल.

लाल_माती

कोकणातून दोन ओळी. आमच्याकडे मेच्या शेवटी हवेत इतका ओलावा असतो की युरियाची गोणी फोडली तर दुसऱ्या दिवशी ढेकूळ. तुम्ही लातूरकर एप्रिलमध्ये खत आणणार असाल तर जमिनीवर टेकवू नका. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, वर ताडपत्री. पत्र्याची गळकी खोली असेल तर युरिया आणूच नका. डीएपी त्यामानाने बरं टिकतं.

परंड्याची_लेक

आणि युरिया आणि सुपर फॉस्फेट आधीपासून एकत्र कालवून ठेवू नका, पाणी सुटतं. पेरायच्या वेळी मिसळा.

तणवैरी

आता तणनाशकावर या. इथे गणित पूर्ण उलटं आहे आणि लोक इथेच फसतात.

खताला अनुदान आहे, छापील किंमत आहे, बाजारात त्याच्या आसपासच मिळतं. तणनाशकाला तसं काही नाही. बाटलीवर छापलेली किंमत एक आणि प्रत्यक्ष विक्री दुसरीच. वरून १८ टक्के जीएसटी, खतावर ५ टक्के. म्हणजे इथे घासाघीस चालते. कंपनीपेक्षा घटक वाचा. इमॅझेथापायर १० टक्के एसएल लिहिलं असेल तर नामांकित बाटलीतही तेच, दुसऱ्या परवानाधारक कंपनीच्या बाटलीतही तेच, आणि भावात बराच फरक. तीन दुकानांत नाव न घेता घटक सांगून भाव विचारा.

कधी घ्यायचं? दोन भाग पाडा.

उगवणीपूर्वीचं तणनाशक, म्हणजे पेंडीमेथालिन, डायक्लोसुलम वगैरे. हे पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत ओल्या जमिनीवर पडायला हवं. पाऊस झाला, पेरलं आणि मग बाटलीसाठी तालुक्याला गेलात तर वेळ निघून जाते. म्हणून हे मेच्या शेवटी घरात पाहिजे. त्या वेळी दुकानं मोकळी असतात, भावही बरा सुटतो. फक्त उत्पादनाची तारीख आणि मुदत बघून घ्या, कारण मागच्या हंगामातला उरलेला माल याच दिवसांत "सवलतीत" निघतो.

उगवणीनंतरचं तणनाशक एप्रिलमध्ये घेऊच नका. कुठलं तण येणार हे तुम्हाला आज माहीत नाही. गवतवर्गीय जास्त आलं तर क्विझालोफॉप, रुंद पानांचं आलं तर वेगळं, दोन्ही आलं तर जोडऔषध. पेरणीनंतर बारा-तेरा दिवसांनी रानात फिरा, तण दोन-चार पानांवर असताना ओळखा आणि मग आणा. पावसाने ताण दिला तर फवारणी करायचीच नाही, कोळपं घालायचं. तेव्हा बाटलीचे पैसे वाचले.

वणीचा_कापूस

अन् केना? तो तर कशालाच दाद देत नाही.

तणवैरी

केना मोठा झाला की उभ्या पिकातल्या औषधाने जळाल्यासारखा दिसतो आणि पुन्हा फुटतो. ज्या रानात दरवर्षी केना येतो तिथे उगवणीपूर्वीच्या औषधावरच पैसा घाला. डायक्लोसुलमची एकरी १२.४ ग्रॅमची पुडी येते, ती सोयाबीनला चालते.

पण थांबा. @औसा_रोड, तुमच्याकडे तुरीचे पट्टे आहेत. लेबलवर फक्त सोयाबीन लिहिलेलं औषध तुरीवर गेलं तर तूर बसते. पेंडीमेथालिन दोन्ही पिकांना चालतं. उभ्या पिकातलं घेताना लेबलवर तूर आहे का ते आधी वाचा. नुसतं "सोयाबीनचं द्या" म्हणून बाटली आणू नका.

मंगळवेढा_ज्वारी

एक भर. काही तणनाशकं जमिनीत रेंगाळतात. सोयाबीन मोडून दुबार पेरणीला मका घ्यायची वेळ आली, किंवा रब्बीला ज्वारी असेल, तर इमॅझेथापायरसारख्या औषधाचा उगवणीवर परिणाम होऊ शकतो. आमच्यासारख्या ज्वारीवाल्यांनी हे आधी विचारात घ्यावं.

शेणखत_हेच_खरं

एवढी डोकेफोड करण्यापेक्षा जनावरं पाळा. दोन गाई, दोन बैल, काही लागत नाही बाजारातलं.

परंड्याची_लेक

भाऊ, शेणखताला आमचा नकार नाहीच. पण आता गावात बैलजोड्या किती उरल्यात? आमच्याकडे ट्रॉलीभर शेणखत विकत घ्यायचं म्हटलं तर तेच मोठा खर्च. ज्यांना घ्यायचंय त्यांनी उन्हाळ्यात घ्यावं आणि नांगरटीनंतर पसरावं, एवढं खरं. निंदणीलाही बायका मिळत नाहीत, रोज साडेतीनशे आणि वर ने-आण. त्यातल्या बऱ्याच जणी स्वतःच्या रानात अडकलेल्या असतात. तणनाशक लोक हौसेने मारत नाहीत.

शेणखत_हेच_खरं

मजुरीचं पटतं, ताई. तरी दर तीन वर्षांनी एका तुकड्यात शेणखत द्याच. बोनस म्हणून सांगतो, रासायनिक खतही त्या तुकड्यात जास्त लागू पडतं.

पंचगंगा_काठ

दोन एकर उसाचं कुणी बोललंच नाही. उसाला सगळं खत एकदम घेऊन ठेवणं म्हणजे घर भरणं आणि खिसा रिकामा करणं. आडसाली (जुलै-ऑगस्टची लागण) असेल तर शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश. नत्र चार हप्त्यांत जातं: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला (उसाला मातीची भर देताना) उरलेलं ४० टक्के. स्फुरद-पालाश निम्मं लागणीला, निम्मं बांधणीला. मग बांधणीचं खत एप्रिलमध्ये आणून काय करायचं? लागणीपुरतं घ्या, पुढचं हप्त्याच्या आधी पंधरा-वीस दिवस.

फक्त एक, सोयाबीनवाले जूनमध्ये आणि ऊसवाले जुलै-ऑगस्टमध्ये एकाच युरियावर तुटून पडतात. म्हणून दुसऱ्या हप्त्याचा युरिया जूनच्या गर्दीआधी घेऊन ठेवायला हरकत नाही, कोरडी खोली असेल तर.

कारखाना खत देत असेल तर दर विचारून घ्या, बिलातून कापताना व्याजासह कापतात का तेही.

परंड्याची_लेक

आमच्या गावात बायकांचा गट आहे. मे महिन्यात प्रत्येकीची मागणी वहीत लिहितो, पैसे आधी गोळा करतो आणि थेट ठोक विक्रेत्याकडून एकच गाडी मागवतो. खताच्या भावात फार सूट मिळत नाही, पण गाडीभाडं वाटलं जातं आणि लिंकिंग कोणी करत नाही. एकट्या बाईला दुकानदार काहीही सांगतो, वीस जणी गेल्या की नीट बोलतो. तणनाशकात मात्र चांगली सूट मिळते, कारण पेटीच्या पेटी घेतो. प्रत्येकीचा अंगठा आणि पावती तिच्याच नावावर, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळतो. कृषी विभागाकडून गटांना बांधावर खत पोचवण्याचं कामही होतं, कृषी सहायकाला विचारून ठेवा.

रेकपॉइंट

ताई, दुकानदार म्हणून सांगतो, रोख पैसे घेऊन आलेल्या गटाला कोणीही नाही म्हणत नाही.

औसा_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना पूर्ण धागा वाचून दाखवला. आमच्यात असं ठरलंय:

सात एकरांचं पेरणीचं खत आत्ता, रोखीने. डीएपी छापील भावात मिळालं तर डीएपी, नाहीतर १२:३२:१६ आणि सुपर फॉस्फेट यांतलं एकरी जे स्वस्त पडेल ते. पोटॅशचं मातीच्या अहवालानंतर, नमुने उद्याच काढतोय. उसाचं फक्त लागणीपुरतं, आणि एका हप्त्याचा युरिया कर्जाची रक्कम आली की मेमध्ये. पेंडीमेथालिन मेच्या शेवटी. उगवणीनंतरचं तणनाशक पेरणी झाल्यावर तण बघून. वडील एवढ्यावर अडलेत की "तेव्हा दुकानात नसेल तर?"

तणवैरी

वडिलांना सांगा, उगवणीनंतरच्या औषधांचे पर्याय बरेच असतात, एक नसलं तर दुसरं मिळतं. अगदीच धाकधूक असेल तर दुकानदाराला जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगून ठेवा, पैसे मात्र तण दिसल्यावरच द्या. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणीत खत, बियाणं, औषध तिन्ही पुन्हा घ्यावं लागतं, तिथे एप्रिलची सगळी बचत एका झटक्यात जाते.

परंड्याची_लेक

औसा_रोड दादा, तुमच्या गावात अजून पाच-सहा घरं तयार होत असतील तर १० मेच्या आत मागणी लिहून काढा. पेंडीमेथालिनच्या पेट्यांचा भाव मी आमच्या विक्रेत्याला विचारून इथेच लिहिते. लातूरकडून गाडी येतेच, वाटेत उतरवता येईल.

औसा_रोड

नऊ घरं झाली, ताई. उद्या यादी टाकतो.